मुंबईच्या धावपळीत शिष्यत्वाची सोबत: दोन माणसे, एक तास, एक वही

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांसाठी रविवारची शब्बाथ शाळा असते, पुढे दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) वर्ग असतो, आणि त्यानंतर पाळकसाहेबांसमोर निवांत बसण्याची वेळ येते ती थेट लग्न ठरल्यावर. मधली दहा-बारा वर्षे कोणाच्याच वहीत नसतात. कॉलेज, पहिली नोकरी, पहिला पगार, घरातले पहिले मोठे आजारपण, विश्वासाबद्दलचे पहिले गंभीर प्रश्न हे सगळे याच वर्षांत येते. रविवारचा संदेश त्याला पुरत नाही, कारण संदेश सगळ्या मंडळीसाठी असतो आणि अडचण एकट्याची असते.

आणखी एक वर्ग काढून ही उणीव भरत नाही. एका प्रौढ विश्वासणाऱ्याने एका तरुण विश्वासणाऱ्याबरोबर दर आठवड्याला, ठरल्या वेळी, वर्षभर बसावे लागते. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) एका वाक्यात चार दुवे आहेत: पौल, तीमथ्य, तीमथ्य ज्यांना सोपवील ती विश्वासू माणसे, आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते इतर. पुढची सगळी पद्धत या चार दुव्यांवर उभी आहे. दुसऱ्या दुव्याशी थांबलेले काम अर्धे राहिले असे समजावे. लिहिताना मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांसमोर आहेत, पण कॅथलिकांच्या धर्मग्रामातही (पॅरिशमध्ये) धर्मगुरूंच्या कानावर घालून हेच करता येते.

जोडी जमवताना

पुरुषाबरोबर पुरुष, स्त्रीबरोबर स्त्री. वयात आठ ते पंधरा वर्षांचे अंतर बरे. त्याहून कमी असले की मैत्री होते पण मार्गदर्शन होत नाही, आणि फार जास्त असले की तरुण माणूस मान राखून गप्प बसतो. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवण द्यावी असे सांगितले आहे. ते आपल्याकडे महिला मंडळाच्या मासिक सभेपुरते राहू नये.

मार्गदर्शक नात्यातला, ऑफिसातला वरिष्ठ किंवा पैशाच्या व्यवहारातला नसावा. सख्ख्या काकांशी मोकळेपणाने बोलणे अवघडच जाते, कारण बोललेले घरी पोचेल ही भीती मनात असते.

मुंबईत आणखी एक कसोटी लावावी लागते: दोघे एकाच रेल्वेमार्गावर असावेत. एक वसईला आणि दुसरा मुलुंडला, अशी जोडी तीन आठवडे उत्साहाने चालते, चौथ्या आठवड्यात दादरला गाडी बदलण्याचा कंटाळा येतो आणि सहाव्या आठवड्यात भेटी बंद पडतात. दारापासून दारापर्यंत चाळीस मिनिटे ही मर्यादा धरावी. मंडळी भायखळ्याची असली तरी तिची माणसे डोंबिवलीपासून मीरा रोडपर्यंत विखुरलेली असतात. म्हणून मंडळीच्या यादीवर प्रत्येकाचे स्टेशन लिहून जोड्या पाहाव्यात.

चांगला मार्गदर्शक व्यासपीठावर असेलच असे नाही. उपासनेनंतर एकटे उभे असलेल्या माणसाशी कोण बोलते, ते पाहा. ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो’ असे म्हणणारा कोण आहे, आणि चूक झाल्यावर माफी कोण मागतो, तेही पाहा. अपुल्लो वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, तरी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला तो तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवरा-बायकोने, आणि तोही त्याला जवळ घेऊन, चारचौघांत नव्हे (प्रेषितांची कृत्ये १८).

विचारताना काम मोजके आणि मुदतीचे असावे. ‘दादा, तुम्ही माझे आत्मिक मार्गदर्शक व्हाल का?’ या प्रश्नाने समोरचा दचकतो, आपली तेवढी लायकी नाही असे म्हणून मागे सरतो. त्याऐवजी असे विचारा: ‘दादा, पुढचे चार महिने दर मंगळवारी तासभर माझ्याबरोबर मार्ककृत शुभवर्तमान वाचाल का?’ याला हो किंवा नाही म्हणता येते. चार महिन्यांनी दोघांना पटले तर पुढे जावे. न पटल्यास कोणाचाही अपमान न होता थांबता येते.

नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसाने एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना घेऊ नये. येशूने बारा निवडले आणि त्यांतही पेत्र, याकोब व योहान यांना अधिक जवळ ठेवले. पाच-सहा जण घेतले की भेटी उरकल्या जातात.

आपल्या मातीत ‘गुरू’ या शब्दाला मोठे वजन आहे. शुभवर्तमानात शिष्य येशूलाच ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतात, आणि मत्तय २३:८ मध्ये तो स्वतः बजावतो की तुमचा गुरू एक आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. म्हणून मार्गदर्शकाने दादा, ताई, काका, मावशी यांपैकी जी हाक असेल तीच राहू द्यावी. पाया पडणे, गुरुदक्षिणा, ‘माझा चेला’ ही भाषा मुळातच टाळावी. मार्गदर्शक हाही शिष्यच आहे, दोन-चार स्टेशने पुढे गेलेला, एवढेच.

आधी वेळ, मग जागा, मग पुस्तक

बहुतेक जण उलटे करतात. आधी कोणते पुस्तक वाचायचे यावर चर्चा होते आणि वार ठरायचा राहून जातो. आठवड्यातला एक वार आणि एक तास पक्का करा. वर्षात बावन्न आठवडे असतात. परीक्षा, गावची जत्रा, आजारपण, गणपतीत कोकणात गेलेले सहकारी आणि त्यामुळे ऑफिसात अंगावर पडलेले जादा काम हे सगळे वजा करून चाळीस भेटी झाल्या तर वर्ष उत्तम गेले असे धरावे.

परिचारिका, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमधली मुले यांच्या ड्यूट्या फिरत्या असतात. त्यांच्यासाठी पक्का वार चालत नाही. महिन्याचे ड्यूटीपत्रक हातात पडले की त्याच दिवशी चारही भेटींच्या तारखा ठरवून टाकाव्यात. ‘ड्यूटी बघून कळवतो’ यावर सोडले की भेट होत नाही.

रविवार सोयीचा वाटतो, पण मेगाब्लॉकमुळे मध्य आणि हार्बर मार्गावर दुपारी गाड्यांचे हाल असतात. रविवारीच बसायचे असेल तर उपासनेच्या सव्वा तास आधी मंडळीच्या हॉलमध्ये बसा. नंतर बसायचे ठरवले की चहा, वाढदिवस, कमिटीची सभा यांत ते बुडते.

जागा मुंबईत खरीच अवघड. चाळीतल्या एका खोलीत टीव्ही चालू असतो, आजी झोपलेली असते, धाकट्या भावाचा अभ्यास चालू असतो, आणि मनातले काही बोलायचे तर सगळ्यांच्या देखत बोलावे लागते. पर्याय सांगायचे तर मंडळीचा हॉल किंवा वेस्ट्री (चर्चला लागून असलेली पाळकांची खोली) उत्तम, बाग सकाळी बरी, उडुपी हॉटेल दुपारी तीन ते पाच या मंदीच्या वेळात चालते, कारण तेव्हा दोन चहांवर कोणी उठवत नाही. लोकलमधला प्रवास वाचनाला चांगला आहे, भेटीला नाही. तिथे खासगी बोलता येत नाही आणि प्रार्थना अर्ध्यात स्टेशन येते.

पावसाळ्यासाठी पर्याय जूनच्या आधीच ठरवा. ज्या दिवशी रुळांवर पाणी येईल त्या दिवशी त्याच वेळी तीस मिनिटे फोन, वाचायचा उतारा तोच. भेट रद्द झाली आणि बदली काहीच ठेवले नाही, तर पुढची भेटही ढिली पडते. लागोपाठ दोन भेटी चुकल्या की मार्गदर्शकाने स्वतः फोन करावा. तिसरी चुकू दिली की जोडी बहुधा मोडते, आणि ती रागाने नव्हे, संकोचाने मोडते.

पहिली भेट

पहिल्या भेटीत शास्त्राभ्यास नको. एक दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून दोघांनी तारीख टाका: किती महिने, कोणता वार व वेळ, आपल्यातच काय राहील, आणि थांबायचे झाले तर कसे सांगायचे. पाळकसाहेबांना या जोडीची कल्पना द्यावी. परवानगीसाठी नव्हे, तर मंडळीत गुपचूप वेगळी चूल मांडली आहे असे कोणाला वाटू नये म्हणून.

गुप्ततेबद्दल स्पष्ट बोला. ऐकलेले प्रार्थना सभेत ‘एका भावासाठी प्रार्थना करूया’ अशा आडपडद्यानेही सांगायचे नाही. लहान मंडळीत तो भाऊ कोण हे पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत लगेच कळते. मात्र गुप्ततेला अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर ते आपल्यात ठेवता येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

तो एक तास

साठ मिनिटांचे भाग साधारण असे पडतात. पहिली दहा मिनिटे आठवडा कसा गेला आणि गेल्या वेळी ठरवलेली कृती झाली का. पुढची पंचवीस वचन. मग पंधरा मिनिटे, त्या वचनाचा या आठवड्याशी काय संबंध. शेवटची दहा नवी कृती आणि प्रार्थना. वेळ संपली की उठा. दीड-दोन तास रंगलेली भेट छान वाटते, पण पुढच्या आठवड्यात तेवढा वेळ नसतो आणि ‘आज नको, निवांत बसू’ सुरू होते.

पंचवीस मिनिटे वचन म्हणजे प्रवचन नव्हे. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, एकदा एकाने आणि एकदा दुसऱ्याने. मग तीन प्रश्न: इथे काय घडते? येशूबद्दल, देवाबद्दल काय कळते? हे खरे असेल तर माझ्यात काय बदलावे? मार्गदर्शकाने एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बोलू नये.

मार्क ४:३५–४१ घेऊन पाहा. वादळ शांत करण्याची गोष्ट शब्बाथ शाळेपासून पाठ असते, त्यामुळे तरुण माणूस लगेच म्हणतो, ‘येशू आपल्या जीवनातली वादळे शांत करतो.’ उत्तर चुकीचे नाही, पण ते न वाचताही देता येते. इथे मार्गदर्शकाचे काम त्याला परत ओळींकडे नेण्याचे. पलीकडे जाऊ असे कोणी सांगितले? येशूने. म्हणजे त्याच्या सांगण्यावरून निघालेले लोक वादळात सापडले. सोबत आणखी होड्या होत्या, हे छत्तिसाव्या ओवीत (वचनात) आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तो कुठे होता? मागच्या बाजूला, उशीवर डोके ठेवून झोपलेला. शिष्यांचा प्रश्न ‘वाचव’ असा नाही, ‘तुला काळजी नाही का’ असा आहे. आणि शेवटी ते केव्हा जास्त घाबरतात? वारा पडल्यावर. मूळ ग्रीकमध्ये ‘मोठा’ हाच शब्द तीनदा येतो: मोठे वादळ, मोठी शांतता, मोठे भय. एवढे दिसले की तिसरा प्रश्न आपोआप धारदार होतो. ‘देवाने सांगितले म्हणून केले आणि तरी अडचणीत आलो’ असे काही चालले आहे का? ‘त्याला माझी काळजी नाही’ असे मनात येते का, आणि ते त्याला बोलून दाखवले का?

इथे घाई करू नका. शांतता झाली तर वीस-तीस सेकंद होऊ द्या. मुंबईच्या माणसाला गप्प बसण्याची सवय नसते, आणि मार्गदर्शक ती शांतता भरून काढायला बोलू लागला की समोरच्याच्या ओठांवर आलेले आत जाते.

शेवटची कृती लहान, तारखेची आणि ‘झाली की नाही’ हे सांगता येईल अशी हवी. ‘देवावर अधिक विश्वास ठेवीन’ ही कृती नव्हे. ‘गुरुवारी रात्री जेवणानंतर बाबांना क्रेडिट कार्डाची थकबाकी खरी किती आहे ते सांगीन’ ही कृती. वहीत एका ओळीत लिहा आणि पुढच्या भेटीच्या पहिल्या दहा मिनिटांत विचारा. झाली नसेल तर रागावू नका, का झाली नाही ते शोधा. बहुधा कृती मोठी असते किंवा ती मार्गदर्शकाने सुचवलेली असते. कृती ज्याची त्याने ठरवली तरच होते.

वहीत प्रत्येक भेटीला एक पान: तारीख, उतारा, दिसलेली एक गोष्ट, ठरलेली कृती, प्रार्थनेचे विषय. पानाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा, प्रार्थनेचे पुढे काय झाले ते महिन्या-दोन महिन्यांनी तिथे भरायचे. वही शिकणाऱ्याकडे राहते.

वर्षाचा बेत

मार्कचे सोळा अध्याय सोळा भेटींत होतात. त्यानंतर याकोबाच्या पत्राचे पाच, फिलिप्पैकरांस पत्राचे चार आणि रूथचे चार अध्याय घ्या. एकूण एकोणतीस. चाळीसांपैकी उरलेल्या अकरा भेटी आयुष्याच्या विषयांना द्या: पगार आणि दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणे), कर्ज, ऑफिसातले खोटे बोलणे, फोन आणि रात्रीची झोप, आई-वडिलांशी वाद, लग्न, जात आपल्या मंडळीत अजून कुठे डोकावते, शेजाऱ्यांच्या सणांत आपण कसे वागायचे, आजारपण आणि मरण. जातीचा विषय टाळण्याकडे कल असतो. टाळू नका, कारण सोयरीक जमवताना तो येतोच.

याकोब मुद्दाम मार्कनंतर ठेवला आहे. येशूला पाहिल्याशिवाय याकोब वाचला तर तो नुसती नियमांची यादी वाटतो. रोमकरांस पत्र पहिल्या वर्षी नको. त्यातला युक्तिवाद धरायला सलग वाचनाची सवय लागते, ती दुसऱ्या वर्षी येते.

भेटीव्यतिरिक्त रोजचे वाचन स्वतंत्र चालावे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर आठवड्याला पाच, आणि बावन्न आठवड्यांत नवा करार पूर्ण होतो. शनिवार-रविवार राहिलेले भरून काढायला मोकळे. सरासरी अध्यायाला पाच-सहा मिनिटे लागतात, पण लूक १ मध्ये ८० ओव्या आणि मत्तय २६ मध्ये ७५ आहेत. त्या दिवशी बोरिवली ते अंधेरी पुरणार नाही, दादरपर्यंत धरा. गर्दीत पुस्तक उघडता येत नसेल तर कानात ऑडिओ चालतो. मात्र घरी पोचल्यावर त्यातली एक ओवी तरी डोळ्यांनी वाचा.

भाषेची अडचण मुंबईत जवळजवळ प्रत्येक जोडीत येते. मार्गदर्शकाची प्रार्थना मराठीत, तर समोरचा मुलगा इंग्रजी माध्यमाचा. त्याला मराठी कळते, पण जुन्या भाषांतरातली वाक्ये अडखळत वाचावी लागतात आणि तो लाजतो. त्याला वाचायला लावून लाजवू नका. तोच उतारा त्याने इंग्रजीत आणि तुम्ही मराठीत वाचा. दोन भाषांतरे शेजारी ठेवली की अर्थ उलट जास्त उघडतो. सोप्या मराठीतले भाषांतरही जवळ ठेवा. महिन्याला एक ओवी मात्र मराठीतच पाठ करायची, म्हणजे आजीच्या उशाशी बसून प्रार्थना करायची वेळ आली तर तोंडात शब्द असतील. उपासनेत गायल्या जाणाऱ्या एखाद्या जुन्या गीताचे एकेक कडवे घेऊन अर्थ लावणे हाही चांगला अभ्यास आहे. नारायण वामन टिळकांची पदे कितीतरी जण दर रविवारी गातात आणि अर्थ विचारला की थबकतात.

टिळकांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ते वाचत राहिले, प्रश्न विचारत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचन आणि शंका यांना दोन वर्षे दिली गेली. आज तरुणाने तिसऱ्या भेटीत अवघड प्रश्न विचारला की आपण घाबरून घाईघाईने उत्तर देतो. प्रश्न वहीत लिहा, ‘पुढच्या महिन्यापर्यंत दोघेही शोधू’ म्हणा आणि खरेच शोधा.

कुठे बिघडते

सगळ्यात जास्त बिघडते ते मार्गदर्शक निर्णय घेऊ लागल्यामुळे. ही नोकरी घेऊ का, या स्थळाला हो म्हणू का, असे प्रश्न येतात आणि उत्तर देण्याचा मोह होतो. पहिली दोन उत्तरे बरोबर निघाली की तरुण माणूस स्वतः विचार करणे सोडतो. तिसरे चुकले की नाते तुटते, कधीकधी देवावरचा विश्वासही हलतो. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, स्पष्ट सल्ला देतो, पण ‘देवाची तशी आज्ञा झाली तर’ हे शब्द जोडतो आणि मग आपल्या देशी निघून जातो. मार्गदर्शकानेही पर्याय मांडायला, परिणाम विचारायला मदत करावी आणि निर्णय त्याच्याकडेच ठेवावा.

पैसा उसना देऊ नका, घेऊही नका. खरी गरज असेल तर पाळकसाहेबांमार्फत मंडळीच्या मदतनिधीतून वाट काढा. उसन्या दोन हजारांनी वर्षभराची जोडी संपते, कारण देणे लागणारा माणूस भेट टाळू लागतो.

काही भेटी एकाच दुःखाभोवती फिरू लागतात. चार आठवडे तेच बोलणे, कृती काही नाही. असे झाले की सौम्यपणे विचारा की ही गोष्ट आपल्या तासाच्या बाहेरची आहे का. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे येते आहे, तर नुसती प्रार्थना पुरेशी समजू नका. डॉक्टरकडे सोबत जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे.

घरात मारहाण होत असलेल्या बाईला ‘सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल’ असे सांगणे हे तर पापच. आधी तिची सुरक्षितता, मग बाकी सगळे.

शिकणारा अठरा वर्षांखालचा असेल तर नियम कडक आहेत. पालकांची लेखी संमती घ्या. दार उघडे किंवा काचेचे, आणि नजरेच्या टप्प्यात दुसरी मोठी व्यक्ती हवी. एकट्याने घरी बोलावणे नाही, रात्री खासगी चॅट नाही. अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हाच गुन्हा ठरतो. मंडळीची अब्रू जाईल म्हणून कमिटीत मिटवायचा हा विषय नव्हे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅप. रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर एक ओवी पाठवणे म्हणजे पाठपुरावा नव्हे. आठवड्याच्या मध्ये एकदा, स्वतःच्या आवाजात, तीस सेकंदांचा निरोप पुरे: ‘गुरुवारचे जमले का? मी प्रार्थना करतो आहे.’

आणि कोणी अर्ध्यावर सोडून गेला तर? योहान मार्क पंफुल्यात सोडून गेला. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी तीव्र वादावादी झाली की ते वेगळे झाले. बर्णबाने मार्कला बरोबर घेतले. आयुष्याच्या शेवटी तोच पौल लिहितो की मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). म्हणून जाणाऱ्याच्या मागे दार उघडे ठेवा. नाताळला, वाढदिवसाला फोन करा, आणि भेटी का बंद झाल्या याचा हिशेब मागू नका.

मार्गदर्शकाचे स्वतःचे शिक्षण

इतरांना शिकवणाऱ्याचे स्वतःचे शिकणे थांबते ते कोणाला दिसत नाही, त्यालाही नाही. वर्ष-दीड वर्षाने तीच उदाहरणे, तीच ओवी, तीच प्रार्थना येऊ लागते. उपाय दोन आहेत. मार्गदर्शकालाही कोणीतरी विचारणारे हवे. मंडळीत चार-पाच मार्गदर्शक असतील तर त्यांनी महिन्यातून एकदा दीड तास एकत्र बसावे, नावे न घेता अडचणी मांडाव्यात आणि ‘तुझे स्वतःचे वाचन कसे चालले आहे’ हे एकमेकांना विचारावे. दुसरा उपाय म्हणजे दरवर्षी शास्त्रातले एक पुस्तक सखोल, टीकाग्रंथ (शास्त्राचे भाष्य) आणि नकाशा घेऊन अभ्यासावे. नोकरी करणाऱ्याला यशया एका वर्षात झेपत नाही. हबक्कूक किंवा १ पेत्र झेपते.

वय ही सबब नव्हे. पंडिता रमाबाई पवित्र शास्त्राचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याच्या कामाला अखेरपर्यंत बिलगून होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नाही. वाचायला-लिहायला त्या लग्नानंतर शिकल्या, आणि पतीने अपुरे ठेवलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य त्यांनीच पुढे नेले. साठीनंतर निवृत्त झालेल्या मावशींना ‘आता आम्ही काय शिकणार’ असे म्हणू देऊ नका. त्यांच्याकडे दुपारचे तीन तास मोकळे असतात, जे मुंबईत दुसऱ्या कोणाकडेच नसतात. फोनवर शब्दकोश आणि भाषांतरे कशी उघडायची हे त्यांना तरुण मुलीने शिकवावे. तेवढ्यानेही जोडीतला संकोच निम्मा होतो, कारण शिकवणारी आणि शिकणारी यांची जागा अधूनमधून बदलते.

दुसऱ्या वर्षी

आठव्या-नवव्या महिन्यापासून तासाची सूत्रे हळूहळू सोपवा. आधी उतारा निवडणे, मग तीन प्रश्न विचारणे, मग पूर्ण भेट त्याने चालवायची आणि तुम्ही उत्तरे द्यायची. येशूने बारा जणांना आधी आपल्याजवळ राहण्यासाठी नेमले आणि मग पाठवण्यासाठी (मार्क ३:१४). पाठवले तेही दोघा-दोघांना, आणि परत आल्यावर काय केले ते ऐकून घेतले, त्यांना विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६). पाठवून विसरून जाणे ही आपल्या मंडळ्यांतली नेहमीची चूक आहे. तरुणाला शब्बाथ शाळेचा वर्ग देतात आणि वर्षभर कोणी त्याला काही विचारत नाही.

चाळिसाव्या भेटीला वही पहिल्या पानापासून दोघांनी वाचायची. याला पूर्ण तास द्या. खाली सोडलेल्या कोऱ्या ओळींतल्या किती भरल्या, कोणत्या कृती तीन-तीनदा लिहूनही झाल्या नाहीत, कोणते प्रश्न अजून उघडे आहेत ते दिसते. मग शेवटच्या पानावर शिकणाऱ्याने एक नाव लिहायचे: दृढीकरण होऊन गेलेला, हल्ली मागच्या बाकावर बसून लवकर निघून जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. ते नाव वयाने अठराच्या पुढचे आणि शक्यतो त्याच्याच रेल्वेमार्गावरचे असावे. पुढच्या रविवारी त्याने ‘चार महिने माझ्याबरोबर मार्क वाचशील का?’ असे विचारायचे.

जुन्या जोडीने आता महिन्यातून एकदाच भेटावे. त्या भेटीत पहिली दहा मिनिटे नव्या जोडीबद्दल, कारण पहिल्या तीन आठवड्यांत नवा मार्गदर्शक फार बोलतो आणि ते त्याला सांगणारे कोणी नसते. विचारायचे एवढेच: साठातली किती मिनिटे तू बोललास?